नोकरी सुटल्यावर दिवसाला वळण कसे लावावे?

आकुर्डीकर

नमस्कार. मी बेचाळीस वर्षांचा असून चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पुरवठादारांच्या गुणवत्तेचे काम, म्हणजे आमच्या भाषेत एसक्यूए, अकरा वर्षे आठ महिने पाहत होतो. आमची लाइन परराज्यातल्या दुसऱ्या कारखान्यात हलवण्यात आली आणि आमच्या विभागातल्या नऊ जणांना तीन महिन्यांचा पगार देऊन निरोप मिळाला. त्याला आता दहा आठवडे होतील.

नोकरी कुठे आणि कशी शोधावी, हे मला साधारण ठाऊक आहे. मी विचारतो आहे ते शिस्तीविषयी, कारण तीच माझ्या हातून सुटली आहे आणि याचे मलाच सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. कारखान्यात मी काटेकोर माणूस म्हणून ओळखला जात असे. सहा पस्तीसची कंपनीची बस अकरा वर्षांत चुकली असेल तर चारदा. पुरवठादाराकडे पीपीएपीची, म्हणजे सुटा भाग उत्पादनासाठी मंजूर करण्याच्या कागदपत्रांची, फाइल तपासताना एका पानावरची सही राहिली असली तरी मी ती फाइल परत करत असे. तोच मी आता साडेनऊला उठतो, चहा पिताना मोबाइल हातात घेतो आणि तो खाली ठेवतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. दुपार कशी जाते ते सांगता येणार नाही. रात्री सगळे झोपले की दिवस वाया गेल्याची बोच लागते आणि मग लॅपटॉप उघडून दीड-दोन वाजेपर्यंत दिसेल तिथे अर्ज करत सुटतो. मागच्या मंगळवारी एका बैठकीत ३७ अर्ज केले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला, त्यांनी कंपनीचे आणि पदाचे नाव सांगितले, आणि आपण तिथे अर्ज केला होता की नाही हेच मला आठवेना. माझी ततपप ऐकून त्या ‘नंतर करते’ म्हणाल्या. पुन्हा फोन आलेला नाही.

वेळापत्रक करून पाहिले नाही असे नाही. तीनदा केले. पहिले तर एक्सेलमध्ये, अर्ध्या-अर्ध्या तासाचे, रंग भरून केले होते. पहिल्याच दिवशी दहा वाजता गॅसचे सिलिंडर आले, अकराला आईला रक्त तपासायला न्यावे लागले, आणि दुपारी परतलो तेव्हा तक्त्यातले पाच चौकोन मागे पडले होते. मग उरलेल्या चौकोनांनाही अर्थ राहिला नाही. घरच्यांविषयी तक्रार नाही. मुलगी दहावीला आहे, पत्नी बँकेत जाते, आणि ‘तू घरी आहेसच तर’ या शब्दांनी सुरू होणारी कामे कुणीतरी करायलाच हवीत. पण त्या वाक्यातला ‘घरी आहेसच’ हा भाग दिवसभर कानात राहतो, हेही खरे.

या अवस्थेतून गेलेल्यांनी सांगावे की दिवसाचे किती तास शोधाला द्यावेत, उत्तरच न आलेल्या अर्जांचे मनात काय करावे, आणि बाहेरून कुणी विचारणारे नसताना सकाळी बसायचेच, हे कशाच्या जोरावर घडते?

---

भरतीवाली

मी पुण्यात उत्पादनक्षेत्रातील भरतीचे काम चौदा वर्षे करते आहे, म्हणजे तुम्हाला ‘नंतर करते’ म्हणणाऱ्या बाईंच्या जातीतली आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला देता येणार नाहीत, पण टेबलाच्या या बाजूने दिवस कसा दिसतो ते सांगितले, तर तुमचा दिवस कशाभोवती बांधायचा हे ठरवायला उपयोग होईल.

सकाळी दहाच्या सुमारास आमच्याकडे कंपनीची मागणी येते किंवा आदल्या दिवशीची शिल्लक असते. मी नोकरीच्या संकेतस्थळावरच्या साठ्यात शोध लावते: अनुभव आठ ते चौदा वर्षे, ठिकाण पुणे, काम पुरवठादार गुणवत्ता, नोटीस किती दिवसांची, आणि उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता. या शेवटच्या चाळणीचे भोक बारीक असते. सहा महिन्यांपूर्वी प्रोफाइल भरून विसरलेल्या माणसाला फोन करून ‘मी कधीच दुसरीकडे लागलो’ हे ऐकण्यात आमची अर्धी सकाळ जाते, म्हणून आम्ही अलीकडे सक्रिय असलेलेच आधी पाहतो. त्यातून पन्नास-साठ नावे निघतात, जेवणापूर्वी वीस-पंचवीस फोन होतात, आणि बहुतेक वेळा त्यातूनच पाच-सहा जणांची यादी पुढे जाते. तुम्ही साडेनऊला उठून अकरापर्यंत चहा घेत असाल, तर ज्या वेळी तुम्हाला शोधले जाते त्याच वेळी तुम्ही अर्धवट जागे असता. तेव्हा प्रोफाइलमध्ये रोज सकाळी काहीतरी खरा आणि छोटा बदल करणे, आणि साडेदहा ते एक या वेळात फोनला नीट उत्तर देण्याच्या स्थितीत असणे, एवढे जरी झाले तरी रात्रीच्या ३७ अर्जांपेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे.

त्या ३७ अर्जांविषयी थोडे कडक बोलते. एकाच उमेदवाराने आमच्या एकाच ग्राहक-कंपनीत गुणवत्ता, खरेदी, उत्पादन नियोजन आणि सुरक्षा अशा चार पदांसाठी रात्री एक वाजून काही मिनिटांनी अर्ज केलेला मला पडद्यावर दिसतो. ‘याला कुठलेही काम चालेल’ यातून मी ‘याला नेमके कुठले काम येते हे त्यालाच माहीत नाही’ असा अर्थ काढते. तो अर्थ अन्यायाचा असेल, पण वीस सेकंदांत तोच निघतो. दिवसाला तीन किंवा चार अर्ज पुरेत. मात्र प्रत्येकापूर्वी पदाचे वर्णन पूर्ण वाचलेले असावे आणि त्यात मागितलेली व तुमच्याकडे खरोखर असलेली गोष्ट बायोडेटाच्या पहिल्या अर्ध्या पानात, त्यांच्याच शब्दांत असावी. वर्णनात ‘आयएटीएफ १६९४९ अंतर्गत लेखापरीक्षक’, म्हणजे वाहनउद्योगाच्या त्या गुणवत्ता-मानकाचा कंपनीतला ऑडिटर, असे असेल आणि तुम्ही नुसते ‘ऑडिटचा अनुभव’ लिहिले असेल, तर माझ्या शोधात तुम्ही सापडत नाही. तुम्ही जगातले सर्वांत चांगले ऑडिटर असलात तरी नाही.

प्रत्येक अर्जाची नोंद एका वहीत करा: तारीख, कंपनी, पद, कुठून केला, कुणाशी बोलणे झाले आणि पुढचा फोन कधी. फोन आला की वही उघडायची. समोरच्याला ‘एक मिनिट हं’ म्हटलेले चालते, ततपप चालत नाही. चार कामाचे दिवस उलटले तर एक छोटा निरोप पाठवावा, त्यानंतर आठवड्याने दुसरा, आणि मग तो विषय वहीत बंद करावा. दोन निरोपांना उमेदवाराची तत्परता समजतात, पाचव्या निरोपाला क्रमांक ब्लॉक होतो. उत्तर न येण्याची कारणे बहुतेक वेळा तुमच्याशी निगडितच नसतात. पद मंजूर झाले होते ते अडकले, आतल्याच कुणाला बढती मिळाली, विभागप्रमुख बदलला, असे काहीही घडलेले असते आणि आम्हालाही ते कुणी सांगत नाही. उमेदवारांना कळवले जात नाही ही आमच्या धंद्याची वाईट खोड आहे, आणि त्यात मीही निर्दोष नाही.

तुमची एक बाजू भक्कम आहे, तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. या क्षेत्रात पुष्कळांची नोटीस ९० दिवसांची असते आणि तेवढे थांबायला कंपनी तयार नसते. तुम्ही उद्या रुजू होऊ शकता. हे बायोडेटाच्या पहिल्या ओळीत लिहा. लाइन हलली म्हणून नोकरी गेली, हेही सरळ लिहा. मधल्या महिन्यांवर पांघरूण घालण्यासाठी तारखा ओढूताणून जुळवू नका, कारण पार्श्वभूमी तपासताना यूएएनवरून, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावरून, पीएफचा इतिहास पाहिला जातो आणि तिथे महिना न् महिना उघडा असतो.

नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपच्या अनामतीसाठी पैसे मागणारा फोन आला तर तो नोकरीचा फोन नव्हे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा. रात्री दोन वाजता दमून बसलेला माणूसच अशा जाळ्यात सापडतो, म्हणून इथे लिहिले.

---

वाळूजकर

भरतीवाली यांनी बाहेरून जे दिसते ते सांगितले आहे. मी आतून काय होते ते सांगतो, कारण २०१९ सालच्या वाहनउद्योगातल्या मंदीत, ऑगस्ट महिन्यात, माझीही नोकरी गेली होती आणि मी सात महिने घरी होतो.

तुमच्या प्रश्नात मला एक गैरसमज दिसतो, तो आधी बाजूला करू या. तुम्ही काटेकोर होतात आणि आता ढिले झालात, असे घडलेले नाही. सहा पस्तीसची बस तुमच्यासाठी थांबत नव्हती, म्हणून तुम्ही सहा तीसला कोपऱ्यावर असायचात. गेटवर पंच होता, दहाला मीटिंग होती, पुरवठादार समोर फाइल धरून उभा होता. ती शिस्त निम्म्याहून अधिक त्या व्यवस्थेची होती आणि आपण सगळेच तिला स्वतःचा स्वभाव समजून बसतो. व्यवस्था काढून घेतल्यावर केवळ मनाच्या निग्रहावर तेच सगळे उभे करायला गेलात तर ते तिसऱ्या दिवशी कोसळणार, आणि मग आपण आळशी आहोत असा निष्कर्ष काढून तुम्ही स्वतःला आणखी खच्ची करणार. मी नेमके हेच तीन महिने केले.

मला त्यातून बाहेर काढले ते औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेने. महिना आठशे रुपये, प्लायवूडच्या पार्टिशनमधली एक खुर्ची, डोक्यावर टेबलाच्या मापाचा दिवा, आणि आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरे. पहिल्या दिवशी मला लाज वाटली, कारण व्यवस्थापकाने ‘मुलासाठी पाहताय का?’ असे विचारले. पण साडेनऊला माझ्या शेजारच्या खुर्चीतला मुलगा येऊन पाण्याची बाटली डाव्या कोपऱ्यात ठेवायचा, कानात बोळे घालायचा आणि पुस्तक उघडायचा. त्याच्या शेजारी बसून मोबाइल चाळणे मला जमत नसे. तो मला काही म्हणणार नव्हता. त्याला माझे नावही ठाऊक नव्हते. तरी त्याची बाटली माझ्यासाठी पंचिंगचे काम करून गेली. तुमच्या निगडी-आकुर्डी भागात अशा अभ्यासिका असणारच. दुपारच्या पाळीचे पैसे भरू नका, सकाळचेच भरा.

तासांविषयी म्हणाल, तर चार. साडेनऊ ते दीड. त्याहून जास्त बसलो की मी अर्ज करण्याऐवजी जाहिराती नुसत्या वाचत राहायचो, असे माझ्या लक्षात आले. आणि सुरू करण्याच्या वेळेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, बंद करण्याची वेळ पाळा. दीडला वही मिटली की दिवसाचे काम संपले. मग सिलिंडर घ्या, आईला दवाखान्यात न्या, दुपारी झोपा, रात्री लॅपटॉपला हात लावायचा नाही. रात्री अर्ज करायचे असे एकदा मनाने धरले की सकाळी बसायची गरजच वाटत नाही, कारण रात्र शिल्लक असते. तुमची खरी गळती तिथे आहे.

गुणवत्तेच्या माणसाला आणखी एक खोड असते. प्रत्येक नकारावर आठ-डी, म्हणजे दोषाचे मूळ कारण शोधणारा आठ पायऱ्यांचा अहवाल, लिहायला बसण्याचा मोह तुम्हाला होत असेल. मला झाला होता. चार नकारांचे ‘का-का’ विश्लेषण मी खरोखरच कागदावर केले होते. ते निरर्थक आहे, कारण इथे ग्राहकाने परत पाठवलेला भाग आपल्या हातात येतच नाही. भाग नाही, मोजमाप नाही, आणि मूळ कारण मात्र शोधतो आहोत! मुलाखत झाली असेल आणि अडलेला प्रश्न आठवत असेल तर तेवढा लिहून ठेवा व त्याचे उत्तर तयार करा. बाकीचे सोडून द्या.

आणि आठवड्यातला एक दिवस संकेतस्थळांना सुट्टी द्या. तुम्ही अकरा वर्षांत तीस-चाळीस पुरवठादारांची दारे पाहिली असतील. भोसरीतला, तळेगावातला, रांजणगावातला प्रत्येक यंत्रशाळावाला तुम्हाला ओळखतो आणि तुमच्यासारखा माणूस त्याच्या इतर ग्राहकांकडे कुठे हवा आहे हे त्याला संकेतस्थळाच्या आधी कळते. तुम्ही त्यांच्या फाइली परत करायचात म्हणून तुम्हाला तिथे जायला संकोच वाटेल. माझा अनुभव उलट आहे. ज्याची लॉटच्या लॉट मी नापास केली होती, त्याच माणसाने माझे नाव सुचवले. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात मी रुजू झालो आणि तिसऱ्या आठवड्यानंतर टाळेबंदी लागून पुन्हा घरी बसलो, पण तेव्हा निदान पगार होता!

---

नाशिकची_सखी

वाळूजकर, अभ्यासिकेची कल्पना चांगली आहे, पण ती प्रत्येकाला परवडेल किंवा घरातून निघणे प्रत्येकाला जमेल असे नाही. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यातून सुटल्यावर पाच महिने घरी होते, आणि त्या काळात सासऱ्यांचे आजारपण असल्याने त्यांना घर सोडता येत नव्हते. आम्ही बंद केलेल्या गॅलरीत शिलाई मशीनचे टेबल मोकळे करून दिले आणि मधल्या दाराचा पडदा ओढलेला असेल तेव्हा हाक मारायची नाही असे ठरवले. पडदा ओढलेला असताना मुलगा दाराखालून चिठ्ठ्या सरकवायचा, पण हाक मारायचा नाही.

दादा, तुम्ही लिहिलेले ‘घरी आहेसच तर’ हे वाक्य मीही शंभरदा उच्चारले असेन, म्हणून बायकांच्या बाजूने एक सांगते. त्या वाक्याचा जाच हाकेमुळे होतो. कोणते काम कधी अंगावर येईल हे ठाऊक नसल्यामुळे माणूस दिवसभर अर्धा उभाच असतो. त्यापेक्षा तीन कामे तुम्ही स्वतःहून, नावानिशी अंगावर घ्या आणि घरात तसे सांगा: मुलीला क्लासला सोडणे-आणणे माझे, संध्याकाळची भाजी माझी, आईच्या तपासण्या दुपारी तीननंतर माझ्या. बाकीचे पूर्वी जसे चालत होते तसे चालेल. वहिनी बँकेत जातात आणि घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात जातात, हे तुम्हाला दिसत असेलच. एखादे काम पूर्णपणे त्यांच्या डोक्यावरून उतरले तर सकाळचे तुमचे चार तास त्याच राखतील.

आईंना खरे सांगितले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. सांगितले नसेल तर सांगून टाका. लपवण्यात फार शक्ती जाते.

---

लालबाग_ते_डोंबिवली

मी नोकरीच्या शोधात नाही, निवृत्त आहे, पण आकुर्डीकरांचे ‘दुपार कशी जाते ते सांगता येणार नाही’ हे वाचून थांबलो. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्यांची पहिली पाळी असायची, आणि संप लांबत गेला तरी पुढचे काही महिने ते पहाटे उठून, दाढी करून, डबा नसलेली पिशवी काखेत घेऊन नाक्यापर्यंत जात आणि परत येत. आम्हा मुलांना तेव्हा त्याचे हसू यायचे. नंतर कधीतरी ते जायचे थांबले, आणि आई सांगायची की घरातली खरी काळजी त्या दिवसापासून सुरू झाली. पुढे ते एका किराणा दुकानात बसू लागले. पगार गिरणीच्या निम्माही नव्हता, तरी दुकान आठला उघडायचे होते, आणि त्या आठच्या ठोक्याने ते सावरले असे मला आज वाटते.

व्हिएन्नाजवळच्या मारिएनताल नावाच्या गावात अशीच एक कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन गावकऱ्यांचा दिवस अक्षरशः घड्याळ लावून मोजला. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे जवळजवळ निम्म्यावर आले होते. बहुतेक पुरुष घड्याळाशिवायच फिरत, आणि रस्त्याने चालताना ते मध्येच दोन-दोनदा थांबत. बायका मात्र झपझप चालत होत्या, कारण चूल आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. नाशिकच्या ताईंनी तीन कामे अंगावर घ्यायला सांगितले आहे, त्यामागचे कारण मला यात दिसते. वाळूजकर म्हणतात ते ‘व्यवस्था काढून घेतली’ हेही त्या अभ्यासकांना नव्वद वर्षांपूर्वी दिसले होते. पगाराबरोबर नोकरी दिवसाला सांगाडा देते, असा याहोदाचा पुढे आयुष्यभर आग्रह राहिला.

एक विचारू का? तुम्ही घड्याळ बांधता का सध्या?

---

हिशेबनीस

शिस्तीच्या चर्चेत पैशाचा विषय आणतो, कारण रात्रीचे अर्ज पैशाच्या भीतीतून होतात आणि ती भीती आकडा माहीत नसल्याने वाढते. एका कागदावर घराचा महिन्याचा अटळ खर्च लिहा, हाताशी असलेली रक्कम त्याने भागा, आणि किती महिने निघतात ते पत्नीसह पाहा. पत्नीचा पगार चालू आहे. आकडा तुम्हाला वाटतो त्याहून बरा निघण्याची शक्यता पुष्कळ आहे.

ग्रॅच्युइटी मिळाली आहे का ते तपासा. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली असल्याने तुमची वर्षे ११ नव्हे, १२ धरली जातात. ती ३० दिवसांत द्यावी लागते, आणि तुम्हाला तर दहा आठवडे झाले. पीएफ घाईने मोडू नका. पैसे तसेच ठेवले तरी व्याज मिळत राहते, आणि तुमची सेवा दहा वर्षांच्या पुढे गेल्यामुळे ईपीएस या पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेखालील निवृत्तिवेतनाचा हक्क शाबूत आहे. कंपनीचा आरोग्याचा गटविमा गेला असेल तर आईसह सर्वांचा वैयक्तिक विमा आधी पाहा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि त्यात जुन्या आजारांसाठी आधीच काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो, पण ते ठरावीक मुदतीत करावे लागते, म्हणून आजच फोन करा.

हा कागद झाला की तो कपाटात ठेवा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेलाच उघडा.

---

आकुर्डीकर

सर्वांचे आभार. तीन आठवडे थांबून लिहितो आहे, कारण दुसऱ्या दिवशी लिहिले असते तर नुसता उत्साह लिहिला असता.

प्राधिकरण भागातल्या एका अभ्यासिकेत सकाळची खुर्ची घेतली. पहिल्या आठवड्यात सहापैकी चार दिवस गेलो, दुसऱ्यात पाच, आणि तिसऱ्यात मुलीच्या सराव परीक्षेमुळे तीनच. पूर्वीच्या वेळापत्रकात एक चौकोन हुकला की सगळे कोसळत असे; इथे एक दिवस हुकला तरी खुर्ची दुसऱ्या दिवशी तिथेच असते, एवढा फरक मला जाणवला. रात्रीचे अर्ज बंद करणे सर्वांत अवघड गेले. दोनदा मोडले. शेवटी लॅपटॉप अभ्यासिकेच्या लॉकरमध्येच ठेवून यायला लागलो. लॉकरचे महिना शंभर रुपये जास्त पडतात.

आईला सांगितले. तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते, म्हणे. ‘बस गेली तरी तू गादीवरच होतास, मला काय कळत नाही?’ ग्रॅच्युइटी जमा झाली होती, मात्र ११ वर्षांची. पत्र पाठवले आहे. आणि लालबागच्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे घड्याळ खणात होते आणि बंद पडले होते. सेल टाकून आणला.

पुरवठादारांकडे जायला दोन आठवडे लागले. परवा भोसरीत ज्यांच्याकडे गेलो त्यांनी मला पाहताच आतून फाइल मागवली, त्यांना वाटले मी ऑडिटला आलो. कारण कळल्यावर चहा मागवला आणि समोरच दोन फोन लावले. त्यातल्या एका ठिकाणी, रांजणगावला, गुरुवारी बोलावले आहे.

भरतीवाली ताई, एक शंका आहे. रांजणगावच्या त्याच कंपनीत मी त्या ३७ च्या रात्री संकेतस्थळावरूनही अर्ज केला होता, तोही दुसऱ्याच पदासाठी. वही मागे जाऊन भरली तेव्हा लक्षात आले. हे गुरुवारी आपण होऊन सांगावे की विचारले तर सांगावे?

---

भरतीवाली

आपण होऊन सांगा, आणि मुलाखतीच्या शेवटी न सांगता आदल्या दिवशी वेळ पक्की करायला फोन कराल तेव्हाच एका वाक्यात सांगा. त्यांच्या यादीत तुमचे नाव दोनदा दिसणारच आहे. आधी सांगितलेत तर तेच जुना अर्ज काढून टाकतील. आणि त्या पदासाठी अर्ज का केला होता असे विचारले, तर रात्री दीडला केला होता हे सांगू नका.

---

आकुर्डीकर

बुधवारी अकराला फोन, असे वहीत लिहिले.